मांजराच्या पिल्लाचं पहिलं वर्ष: कमी खर्चात नीट खायला कसं घालायचं, सगळं गणित

उन्हाळा लागला की पुण्यात पार्किंगमध्ये, जिन्याखाली, पेठेतल्या वाड्यांच्या माळ्यावर, जिथे बघाल तिथे पिल्लं दिसायला लागतात, आणि दर वर्षी कुणीतरी एखादं उचलून घरी आणतं आणि मग पहिला प्रश्न हाच असतो की याला घालायचं काय आणि महिन्याला खर्च किती. घरात आधीपासून मांजर नसेल तर बहुतेक ठिकाणी सुरुवात दूधपोळीने होते, कारण आपण लहानपणापासून तेच बघत आलोय. आजीच्या वेळची मनी दूधपोळीवर जगायची हे खरंय, पण ती दिवसभर बाहेर उंदीर, पाली, चिमण्या पण मारून खायची, ते आपण मोजत नाही. फ्लॅटमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या पिल्लाला उंदीर कुठून मिळणार, त्यामुळे त्याच्या वाटीत तुम्ही जे टाकाल तेच त्याचं सगळं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. पैसे वाचवायचे तर खुशाल वाचवा, पण रोजच्या मुख्य खाण्यात वाचवू नका. बाकी ज्या गोष्टींवर लोक पैसे घालवतात तिथे कापा. हे का, ते खाली आकड्यांसकट लिहितोय.

आधी वय आणि वजन

पिल्लू किती दिवसांचं आहे हे कळल्याशिवाय काहीच ठरवता येत नाही. डोळे निळसर असतील आणि चालताना डगमगत असेल तर चार आठवड्यांच्या आतबाहेरचं समजा. समोरचे बारीक दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात यायला लागतात, आणि सगळे दुधाचे दात आलेले दिसले की सहा ते आठ आठवडे झालेत.

चार आठवड्यांच्या आतलं असेल तर त्याला घरातलं दूध नाही, मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर लागते, पेट शॉपमध्ये किंवा जनावरांच्या डॉक्टरांकडे मिळते. पिशवीचं असो की गवळ्याचं, गाई-म्हशीच्या दुधात पिल्लाला लागतात तेवढी प्रथिनं नसतात (मांजरीच्या दुधात गाईच्या दुपटीहून जास्त असतात) आणि लॅक्टोज न पचून जुलाब लागतात, आणि ३०० ग्रॅमच्या जिवाला दोन दिवसांचे जुलाब सुद्धा झेपत नाहीत. बाटलीने पाजताना पालथं ठेवून पाजा, बाळासारखं उताणं कधीच नको, दूध फुफ्फुसात जातं. अंग गार लागत असेल तर आधी ऊब द्या, मगच दूध. इतक्या लहान पिल्लासाठी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, हा लेख मुख्यतः त्यापुढच्या वयासाठी आहे.

आता एक वस्तू विकत घ्या, किचनमधला छोटा डिजिटल वजनकाटा. पिल्लासाठी याहून उपयोगी खरेदी दुसरी नाही. वर एक प्लॅस्टिकचा डबा ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, डब्यात पिल्लू सोडायचं, ते हलतं म्हणून आकडा नाचतो पण दोन-तीनदा केलं की अंदाज येतो. दर रविवारी सकाळी खाण्याआधी वजन करा आणि फ्रिजवर कागद चिकटवून लिहीत जा. आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढ हवी, म्हणजे महिन्याला ४०० ते ४५०, आणि हे चार-पाच महिन्यांपर्यंत चालतं. दोन महिन्यांचं देशी पिल्लू ७०० ते ९०० ग्रॅमचं असतं, रस्त्यावरून आलेलं असेल तर कमी पण असू शकतं, ते चालेल, पण तिथून पुढे काटा वर सरकत राहिला पाहिजे. आठवडाभर वजन तेवढंच राहिलं तर काहीतरी बिनसलंय, आणि हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही कारण जंत झालेल्या पिल्लाचं पोट गोल दिसतं आणि आपल्याला वाटतं वा, छान बाळसं धरलंय.

जंतांवरून आठवलं, खाण्यावर एक रुपया खर्च करायच्या आधी जंतांचं औषध द्या. आईच्या दुधातूनच जंत पिल्लांमध्ये येतात, त्यामुळे रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक पिल्लात ते असणार असं धरूनच चाला. डोस वजनावर ठरतो म्हणून डॉक्टरांकडून घ्या, दोन-दोन आठवड्यांनी परत द्यावा लागतो. जंत पोटात असताना कितीही भारी खाणं घाला, निम्मं तिकडेच जातं.

मुख्य खाणं: किटनचं ड्राय फूड

बजेटमध्ये राहायचं असेल तर पाया हा कोरड्या किटन फूडचा ठेवा. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचा घटक बाहेरून लागतो, तो मांस-मासळीतच असतो, डाळ-तांदूळ-पोळीत नसतो, आणि तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय मोठं आणि कमकुवत होतं. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी मांजरांचा हा हृदयरोग आणि टॉरिनची कमतरता यांचा संबंध दाखवला, त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं. तसंच अ जीवनसत्त्व, आपण गाजरातून बनवू शकतो, मांजर बनवू शकत नाही, त्याला ते तयारच लागतं. हे सगळं घरच्या घरी मोजून घालणं फार अवघड आहे, पिशवीत ते आधीच घातलेलं असतं.

पिशवी घेताना समोरचं चित्र सोडा, मागची बाजू वाचा. एक, "किटन" असं स्पष्ट लिहिलेलं हवं किंवा वाढीच्या वयासाठी संपूर्ण आहार असं लिहिलेलं हवं. नुसतं "पूरक आहार" असेल तर ते रोजचं खाणं नाही. दोन, प्रथिनं कमीत कमी ३० टक्के, फॅट कमीत कमी ९ टक्के, हा अमेरिकन मानकाचा खालचा आकडा आहे (पाणी वगळून मोजलेला), त्याच्या वर जितकं तितकं बरं, ३२-३४ च्या आसपास प्रथिनं असतील तर उत्तम. तीन, घटकांच्या यादीत पहिल्या दोन-तीनांत चिकन, मासे किंवा त्यांचं मील (वाळवून दळलेला चुरा) असं काहीतरी प्राण्यांचं हवं, पहिला मका आणि दुसरा गहू असेल तर ठेवून द्या. चार, यादीत टॉरिन शोधा. पाच, तारीख.

कुत्र्याचं फूड स्वस्त पडतं म्हणून ते घालू नका, एखाद्या दिवशी खाल्लं तर काही होत नाही, पण रोज नको, त्यात प्रथिनं कमी आणि टॉरिन घातलेलंच असेल असं नाही. आणि काही पेट शॉपमध्ये मोठ्या पोत्यातून सुट्टं काढून देतात, ते मी घेत नाही, कारण पोतं कधी फोडलं, तारीख काय, किटनचं आहे की मोठ्यांचं, कशाचाच पत्ता नसतो आणि उघड्यावर राहिलं की त्यातली चरबी खवट होते. त्यापेक्षा सोसायटीतल्या दोघा-तिघांनी मिळून एक मोठी पिशवी घ्यावी आणि फोडली त्याच दिवशी वाटून घ्यावी, किलोमागे बराच फरक पडतो आणि माल ताजा संपतो.

किती घालायचं आणि किती रुपये

पिशवीवरचा तक्ता बघा, पण हे आकडे पण जवळ ठेवा. ड्राय फूडमध्ये १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी धरल्या तर अर्ध्या किलोच्या पिल्लाला दिवसाला ३० ग्रॅम, एक किलोच्या पिल्लाला ५० ग्रॅम, दीड किलोच्या पिल्लाला ६५ ते ७० ग्रॅम. आणि यापुढे गंमत अशी की चार महिन्यांनंतर खुराक फारसा वाढत नाही, वजन वाढतं पण वाढीचा वेग कमी होतो, त्यामुळे दोन किलोचं असो की तीन किलोचं, ६५ ते ७५ ग्रॅममध्येच असतं. भाटी असेल तर जरा कमी, धटिंगण बोका असेल तर जरा जास्त.

आता हिशोब. दोन महिन्यांपासून वर्षाचं होईपर्यंत दहा महिने, सरासरी ६५ ग्रॅम, म्हणजे अख्ख्या वर्षात साडेएकोणीस किलोच्या आसपास ड्राय फूड लागतं. समजा ४०० रुपये किलोचं घेतलं (भाव बदलतात, तुमच्या दुकानातला आकडा घाला) तर ७,८०० रुपये, महिन्याला ८०० पेक्षा कमी. आता कुणी म्हणालं ३०० वालं घेऊ या, तर पूर्ण वर्षात वाचतात १,९५० रुपये, म्हणजे महिन्याला दोनशेच्या आत. एकदा जुलाब लागून सलाईन लावायची वेळ आली की एवढे पैसे दोन-तीन दिवसांत जातात. म्हणून म्हणतो, इथे कापू नका.

कापायचं कुठे, तर पाऊचमध्ये. ओलं वेट फूड चांगलं असतं, त्यात पाणी ७५-८० टक्के असतं म्हणून मांजराला ते मानवतं, पण पैशाच्या हिशोबाने बघा. समजा एक पाऊच ४५ रुपयांना आणि त्यात ६५ कॅलरी, म्हणजे १०० कॅलरीला जवळजवळ ७० रुपये. तेच ४०० रुपये किलोच्या ड्राय फूडमध्ये १०० कॅलरी साडेअकरा रुपयांत येतात. एक किलोच्या पिल्लाला दिवसाला १७५ कॅलरी लागतात, फक्त पाऊचवर ठेवलं तर रोज १२० रुपयांच्या वर, ड्रायवर २०. तेव्हा पाऊच हे औषध गिळवायला, आजारी असताना, किंवा महिन्यातून दोन-चारदा. क्रीमच्या ट्यूब्स, ट्रीट्सची पाकिटं, कॅटनिपचे उंदीर, यातलं काहीही पिल्लाला लागत नाही, पुठ्ठ्याचा खोका आणि सुतळीची गाठ पुरते (खेळून झालं की सुतळी उचलून ठेवा, गिळली तर आतड्यात अडकते).

दिवसातून किती वेळा

पिल्लाचं पोट लहान, ताकद जास्त लागते. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन-तीन. नोकरीवाल्यांना सकाळी निघताना, संध्याकाळी आल्यावर, रात्री जेवताना आणि झोपताना असं जमतं, दुपारचं थोडं कोरडं वाटीत ठेवून जायचं. दिवसाचं सगळं सकाळीच मोजून एका डबीत काढून ठेवा आणि दिवसभर त्यातूनच घाला, म्हणजे घरातले चौघं जण "बिचारं उपाशी आहे" म्हणून चार वेळा वेगवेगळं घालत नाहीत. आमच्याकडे आजोबा हमखास घालतात, त्यामुळे डबी त्यांच्याच हातात दिली आहे.

चार ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला ड्राय फूड कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, बोटाने चुरून, पातळसर पेजेसारखं करून द्या. पहिले एक-दोन दिवस ते त्यात पाय घालेल, नाकाला लावेल, बोटावर घेऊन ओठाला लावलं की चाटायला लागतं. मग हळूहळू पाणी कमी करत जा. मोठं झाल्यावर पण एखाद्या वेळचं खाणं भिजवून दिलं तर चांगलंच, कारण ड्रायवरच्या मांजरांच्या पोटात पाणी कमी जातं. पण भिजवलेलं एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभराच्या वर ठेवू नका, आंबतं. पाण्याची वाटी खाण्याच्या वाटीपासून लांब ठेवा, शक्य तर घरात दोन ठिकाणी, बऱ्याच मांजरांना खाण्याशेजारचं पाणी आवडत नाही.

चिकन, अंडं, मासे: किती आणि कसं

हा भाग नीट वाचा कारण जास्त गडबड इथेच होते. "ड्राय फूड काय, सरळ चिकन उकडून घालतो, स्वस्त आणि ताजं" असं बरेच जण म्हणतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंकडचं पिल्लू असंच फक्त उकडलेल्या ब्रेस्टपीसवर होतं, मायेने रोज दोन वेळा ताजं करायच्या, आणि चौथ्या महिन्यात ते उडी मारेना, उचललं की ओरडायचं. एक्सरेत हाडं पुसट दिसली. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला असतं, ते प्रमाण पिल्लाला जवळजवळ सारखं लागतं, मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. वेळेवर कळलं म्हणून खाणं बदलून ते सावरलं. त्यामुळे "काकू, चिकन द्या पण वरचं म्हणून द्या" एवढंच आता मी सगळ्यांना सांगतो.

वरचं म्हणजे दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांपर्यंत. एक किलोच्या पिल्लाला हे साधारण १० ते १२ ग्रॅम शिजलेलं चिकन होतं, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं. ऐकायला कमी वाटतं पण ड्राय फूडवर ते आणि त्याचं गरम पाणी घातलं की वासानेच पिल्लू धावत येतं, आणि खर्चही फारसा येत नाही.

करायची पद्धत अशी. चिकनवाल्याकडून पाव किलो बोनलेस लेगपीस घ्या, ब्रेस्ट नको, मांडीच्या लालसर मांसात टॉरिन जास्त असतं आणि बरेचदा स्वस्त पण पडतं. सोबत दिल मिळालं तर मागून घ्या, त्यातही टॉरिन भरपूर. मांस बुडेल इतकंच पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर १२-१५ मिनिटं, मीठ, हळद, आलं-लसूण काही नाही. गार झालं की हाताने बारीक धागे काढायचे आणि उकडलेलं पाणी फेकायचं नाही, कारण शिजताना टॉरिन त्या पाण्यातच उतरतं. बर्फाच्या ट्रेमध्ये प्रत्येक खणात थोडे धागे आणि वर पाणी असं भरून फ्रीझरला लावायचं, गोठलं की पिशवीत काढून ठेवायचं. रोज एक तुकडा वाटीत काढून ती वाटी गरम पाण्यात ठेवली की पाच मिनिटांत तयार. दोनेक आठवडे बघायला लागत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, घरात रविवारी जेवणासाठी जे अळणी पाणी काढतो ते पिल्लाला देऊ नका. अळणी म्हटलं की आपल्याला वाटतं तिखट-मीठ नाही म्हणजे चालेल, पण त्यात कांदा-लसूण असतोच, आणि कांदा-लसूण मांजराच्या लाल रक्तपेशी फोडतो, शिजवलेला, वाटलेला, पावडर, कसाही. पिल्लाचा तुकडा आधी बाजूला काढा, मग फोडणीचं काय ते करा.

कलेजी स्वस्त असते आणि मांजरं तिच्यावर तुटून पडतात, पण आठवड्यातून एकदा, सुपारीएवढा तुकडा, बास. कलेजीत अ जीवनसत्त्व भरपूर असतं, ते जास्त झालं तर मानेची, पाठीची हाडं जुळायला लागतात. अंडं पूर्ण उकडलेलं, एका वेळी चौथा हिस्सा, आठवड्यातून दोनदा, ऑम्लेट नको कारण परत कांदा-मिरची. मासे शिवाजी मार्केट किंवा गणेश पेठेतून आणत असाल तर पिल्लासाठी एखादा तुकडा काटे काढून उकडून द्या, कच्चा नाही, काही कच्च्या माशांमध्ये बी-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. सुकट, सुके बोंबील खारट असतात, ते नको. शिजवलेली हाडं तर कुठलीच नको, टोकदार फुटतात.

घर शाकाहारी असेल तर

पुण्यात हा प्रश्न खूप घरांत येतो, किंवा घरमालक शाकाहारी असतात आणि स्वयंपाकघरात मांस शिजवायला बंदी असते. घाबरू नका, काहीही शिजवायची गरज नाही. चांगलं किटन ड्राय फूड आणि पाणी यावर पिल्लू पूर्ण वाढतं, वरचं चिकन ही हौस आहे, गरज नाही. पिशवीचा घट्ट डबा बाल्कनीत सावलीला ठेवा, वाटी-चमचा वेगळा, हात धुतले की झालं. पण पिशवीतही मांस आहेच हे घरात आधीच बोलून घ्या. पिल्लाला दूधभात, पनीर, दही-पोळीवर वाढवणं शक्य नाही, ते मांसाहारीच आहे आणि शाकाहारी ठेवलं तर आतून आजारी पडतं. घरात हे अजिबात चालणार नसेल तर पिल्लाला दुसरं चांगलं घर शोधून देणं हे जास्त प्रेमाचं आहे.

पावसाळा, मुंग्या, साठवण

जून ते सप्टेंबर पिशवी उघडी राहिली की दाणे मऊ पडतात, बुरशी धरते, आणि बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही. मूळ पिशवी तशीच घट्ट डब्यात ठेवा (तारीख आणि बॅच नंबर पण हाताशी राहतो), चार ते सहा आठवड्यांत संपेल एवढीच घ्या. एकट्या पिल्लाला महिन्याला दीड-दोन किलो लागतं, त्याहून मोठी पिशवी एकट्याने घेऊ नका. मुंग्यांसाठी वाटी एका ताटलीत पाणी घालून मधोमध ठेवा, लक्ष्मणरेषा खडू किंवा स्प्रे वाटीच्या आसपास मारू नका, पिल्लं सगळं चाटतात.

डॉक्टरकडे कधी पळायचं

तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू अर्धा दिवस काहीच खात नसेल तर उद्यावर टाकू नका, साखर उतरते. उलटी आणि जुलाब सोबत असतील, शीमध्ये रक्त असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, तर त्याच दिवशी न्या, विशेषतः लसी झालेल्या नसतील तर, कारण पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा विषाणूजन्य आजार पिल्लांना फार पटकन नेतो. खर्चाची अडचण असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करा. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, पाव गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

नुसती शी पातळ असेल आणि पिल्लू खेळतंय-खातंय, तर बहुतेक वेळा खाणं एकदम बदललेलं असतं. ब्रँड बदलायचा तर सात ते दहा दिवस घ्या, सुरुवातीला तीन भाग जुनं एक भाग नवं, मग निम्मं निम्मं, मग उलटं. दुकानात ऑफर दिसली म्हणून दर महिन्याला ब्रँड बदलू नका, एक मानवलं की तेच धरून ठेवा.

पाच-सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी करून घ्या, आणि त्यानंतर खाणं मोजण्याकडे परत लक्ष द्या, कारण भूक वाढते आणि गरज कमी होते, पाव हिस्सा कमी करावं लागतं. दर पंधरवड्याला बरगड्यांवरून हात फिरवा, दाबल्याशिवाय हाताला लागल्या पाहिजेत पण डोळ्यांना दिसता कामा नयेत. किटन फूड वर्षाचं होईपर्यंत चालू ठेवा, मग वर सांगितलं तसंच आठ-दहा दिवसांत हळूहळू मोठ्यांच्या फूडवर आणा. ते किलोमागे थोडं स्वस्तही पडतं.